धुतलेल्या ताटांचा धंदा

भाड्याने ताटं न्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो भाड्याचा नसतो. तो विचारतो, "धुऊन परत द्यायची का?" हा प्रश्न मी कन्नडात, तमिळमध्ये, तेलुगूत, हिंदीत आणि क्वचित मराठीतही ऐकला. "नको, नुसतं खरकटं काढून द्या," असं सांगितलं की समोरच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते, तीही प्रत्येक वेळी पाहिली. आमचा सगळा धंदा त्या सुटकेवर उभा आहे. कार्य तुमचं, पाहुणे तुमचे, उष्टी ताटं आमची.

बेंगळुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दुकानाबद्दल लिहा, असं आमच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी बरेच दिवस टाळलं. एक तर माझं मराठी घरातलं. शाळा कन्नडात झाली, देवनागरी हिंदीच्या तासाला शिकलो. आमचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले म्हणतात. बरोबर काय काय आणलं होतं कुणास ठाऊक, भाषा तेवढी स्वयंपाकघरात उरली. दुसरं कारण असं, की दुकानाबद्दल खरं लिहायचं तर गौराक्काबद्दल लिहावं लागणार, आणि तिथे मी काही चांगला दिसत नाही. पण आता लिहायलाच बसलोय तर लिहितो.

दुकान यशवंतपूरला, घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत. बाबांनी सुरू केलं. बाजारात त्यांना सगळे 'पात्रे अण्णा' म्हणत, पात्रे म्हणजे भांडी. ते गेल्यावर दुकानाबरोबर ते नावही माझ्याकडे आलं. स्टीलची ताटं, वाट्या, लोटे, वाढायच्या बादल्या, पळ्या आणि स्वयंपाकाचे कोळगे, म्हणजे एखादा माणूस आत बसून अंघोळ करील एवढाली पातेली. भांडी टेम्पोतून कार्यघरी जातात, जेवणं होतात, भांडी परत येतात. आमच्याकडच्या बायका ती धुतात, उन्हात वाळवतात, पुसून पोत्यात भरतात. मोठं कार्य असलं तर धुणाऱ्या बायकाही टेम्पोबरोबर जातात, कारण पहिल्या पंगतीची ताटं धुतली जाऊन तिसऱ्या पंगतीला लागतात.

यात अक्कल ती काय, असं बाहेरच्याला वाटतं. थोडी लागते. शाकाहारी जेवणाची ताटं आणि मटण-कोंबडीची ताटं यांची पोती वेगळी ठेवावी लागतात, आणि चुकूनही मिसळू द्यायची नसतात. आमच्या सगळ्या भांड्यांच्या कडेवर तीन ठिपके कोरलेले आहेत, मांसाहाराच्या ताटांना त्याखाली एक रेघ. एकदा ते रेघेचं पोतं जयनगरला एका बारशाला गेलं. टेम्पो गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मी स्कूटरवरून मागे सुटलो, आणि पोचलो तेव्हा पोतं अंगणात उतरलं होतं. घरातल्या आजी दारात उभ्या होत्या. मी त्यांना खरं ते सांगून टाकलं आणि दुसरी ताटं घेऊन तासाभरात येतो म्हणालो. तासाभराचा दीड तास झाला. परत गेलो तर पंगत बसलेली. आजींनी शेजारच्या सहा घरांतून ताटं गोळा केली होती. कुठलं खोल, कुठलं पसरट, एकावर कुणाच्या तरी लग्नातलं नाव. मी आणलेलं दुसरं पोतं तसंच टेम्पोत ठेवून त्यांनी मला जेवायला बसवलं. पुढे त्यांच्या घरची सगळी कार्यं आमच्याकडेच आली. खरं बोलल्याचा या धंद्यात मला झालेला हा एक मोठा फायदा. एरवी खरं बोलायचे प्रसंग मी चुकवतच आलो.

विचित्र गिऱ्हाइकंही पुष्कळ. कोरमंगलाच्या एका तरुण मुलीने वीस वाट्या नेल्या. कशासाठी म्हणून विचारलं तर शांतपणे म्हणाली, कुत्र्याचा वाढदिवस आहे, आमचं धरून एकोणीस कुत्री असणार आहेत. एक वाटी जास्तीची असावी म्हणून वीस. खोटं सांगून नेल्या असत्या तर मला कळलंही नसतं. त्या वाट्या आम्ही नंतर वेगळ्या काढून ठेवल्या, आणि दर वर्षी तीच मुलगी येऊन त्या घेऊन जाते.

आता गौराक्का.

ती मूळची चिकोडीकडची. नवरा बाजारात हमाली करायचा, ती आमच्याकडे ताटं धुवायची. बाबांच्या वेळेपासून होती, पुढे हाताखाली आणखी दोघी आल्या तेव्हा त्यांची मुकादम झाली. आम्हा दोघांचं मराठी वेगळं. तिकडच्या बायका बोलतात तसं ती 'मी येतो, मी जातो' म्हणायची, आणि माझी बायको तिला हसायची. माझं बेंगळुरी मराठी ऐकून तीही हसत असणार, आम्ही बाहेर गेल्यावर. वयाने ती माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी, तरी मला अण्णा म्हणायची, आणि मी तिला अक्का म्हणून वर 'तू' करायचो.

ताटं धुण्याचा तिचा एक क्रम होता. आधी खरकटं, मग नारळाचा काथ्या आणि शिकेकाईची पूड, मग पाणी. तेलकट ताटाला आधी पाणी लावणाऱ्या बाईला ती कामावर ठेवायची नाही. पाणी लावलं की तेल पसरतं, मग दुप्पट पाणी लागतं, असं तिचं म्हणणं. आम्हाला त्यात विशेष वाटत नव्हतं. पाणी होतं तेव्हा.

पुढे एकदाच वापरून टाकायची ताटं आली. आधी थर्माकोलची, मग चंदेरी कागदाची, मग प्लॅस्टिकचे पेले. आमच्या गल्लीत दोन दुकानांनी दारावर त्यांच्या पाकिटांच्या माळा लावल्या, तिसऱ्याने लावल्या, आणि एक दिवस मीही लावल्या. गिऱ्हाईक दारात यायचं, माझ्या स्टीलकडे बघायचं आणि शेजारून पाकिटं घेऊन जायचं. धुवायला नको, परत करायला नको. तो जो सुटकेचा चेहरा सांगितला, तो आता पाकिटं विकणाऱ्याला दिसायला लागला. घर चालवायचं होतं. मी पाकिटं ठेवली, प्रत्येक पाकिटावर दुकानाच्या नावाचा रबरी शिक्का मारला, आणि स्टीलची पोती माळ्यावर चढवली. बाबा तोवर गेले होते, हे बरं झालं असं मला तेव्हाही वाटलं होतं.

गौराक्का दर गुरुवारी येऊन रविवारी कुठलं कार्य आहे ते विचारून जायची. मी सांगायचो, या आठवड्यात नाही. पुढच्या गुरुवारी तेच. इतर दोघी कधीच्या दुसरीकडे लागल्या होत्या, ही येत राहिली. तिला समोरून येताना पाहिलं की मी काहीतरी मोजायला आत जायला लागलो. शेवटी एकदा तिला सांगितलं, "अक्का, उगाच हेलपाटे घालू नको. काम आलं की मी निरोप पाठवीन."

ती "सरी, अण्णा," म्हणाली, म्हणजे ठीक आहे. कोपऱ्यात तिची शिकेकाईची बरणी होती, ती तिने पदराखाली घेतली आणि गेली.

मी निरोप पाठवला नाही. काम येत नव्हतं हे खरं. पण नंतर वर्षातून दोनचार कार्यं आली तेव्हाही जवळपासच्या कुणालाही बोलावून भागवलं. तिला बोलावलं असतं तर ती पुन्हा दर गुरुवारी आली असती, आणि मला ते नको होतं. यात कुणाची फसवणूक नव्हती, भांडण नव्हतं. धंद्यात माणसं येतात-जातात, असं मी बायकोला सांगितलं.

बरीच वर्षं गेली. मग एके दिवशी जयनगरहून मीनाक्षी नावाच्या एक बाई दुकानात आल्या. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, कन्नडात बोलणाऱ्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांच्या भागात त्या घरोघर कचरा वेगळा करायला शिकवायच्या. त्यांना गणेशोत्सवाच्या जेवणाला स्टीलची ताटं हवी होती, आणि ती देणारं जुनं दुकान यशवंतपूरला होतं असं कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हणालो, ताटं माळ्यावर आहेत, धूळ आहे, धुवायला माणसं नाहीत, तुम्ही पाकिटं का नेत नाही. बाई रागावल्या नाहीत. इतकंच विचारलं, की ही पाकिटं जेवण झाल्यावर कुठे जातात ते तुम्ही कधी पाहिलंय का? मी नाही म्हणालो. चला, असं म्हणून त्या मला रिक्षात घालून घेऊन गेल्या. या वयाची बाई आणि असा हट्ट, म्हणून मी गेलो. नाहीतर गेलो नसतो.

सुका कचरा वेगळा करायचं ते केंद्र म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. कन्नडात कचऱ्याला 'कस' म्हणतात. लहानपणी मला याची गंमत वाटायची, कारण आपल्याकडे कस म्हणजे सत्त्व. त्या शेडमध्ये दोन्ही अर्थ शेजारी शेजारी ढिगाने पडले होते. पुठ्ठे वेगळे, बाटल्या वेगळ्या, दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या. हे सगळं विकलं जातं, बाईंनी समजावलं. एका बाजूला मात्र एक ढीग होता त्याला गिऱ्हाईक नव्हतं. सांबार-भात चिकटलेली थर्माकोलची ताटं, कागदावर प्लॅस्टिक चढवलेले पेले, चुरगळलेली चंदेरी ताटं. त्या ढिगापाशी तीन बायका हातमोजे घालून उभ्या होत्या. एकीने मान वर केली. ती गौराक्का होती.

केस पांढरे झाले होते, गळ्यात ओळखपत्र, अंगावर हिरवा कोट. तिथला तरुण मुकादम तिला कन्नडात 'नीवु' म्हणजे 'तुम्ही' म्हणून बोलत होता. तिने बायकोची चौकशी केली, मुलाचं लग्न झालं का विचारलं. मग खाली वाकून ढिगातून एक पाकीट काढलं. अर्धं भरलेलं, फाटलेलं, आणि त्यावर माझ्या दुकानाचा शिक्का.

"तुमचीच ताटं काढतो मी अजून, अण्णा," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. "पहिलं धुऊन तुमास्नी परत देत होतो. ही कुणाला परत द्यायची?"

मीनाक्षीबाईंना मराठी येत नव्हतं. या काय म्हणाल्या, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, आमची जुनी ओळख आहे.

त्या दिवसापासून मी पाकिटं विकणं सोडलं असं लिहायला बरं वाटलं असतं. सोडलं नाही. दुकानातला साठा संपेपर्यंत विकला, फक्त शिक्का मारणं बंद केलं. त्याची लाज मला पाकिटं विकल्यापेक्षा जास्त वाटते. पण माळ्यावरची पोती मात्र त्याच आठवड्यात उतरवली. गणेशोत्सवाला ताटं गेली. त्यानंतर मीनाक्षीबाईंच्या ओळखीने आणखी दोन घरं आली, मग चार. बहुतेक तरुण माणसं, काही नवी पुण्या-मुंबईकडून आलेली मराठी जोडपी. 'काका, आम्हाला अजिबात वेस्ट नकोय' असं म्हणणारी. धुणारं माझ्याकडे कुणी नव्हतं. मी दोन बायका ठेवल्या, त्यांनी तेलाला आधी पाणी लावलं.

शेवटी मी केंद्रावर जाऊन गौराक्काला परत यायला सांगितलं. तोंडातून आपोआप 'तुम्ही' निघालं, आणि ते आजवर तसंच राहिलं. लिहिताना 'ती' येतं ते घरचं म्हणून. तिने ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. इथे रविवारी सुट्टी असते, हातमोजे मिळतात, आणि मुख्य म्हणजे उभं राहून काम असतं. तुमच्या फरशीवर उकिडवं बसून बसून माझे गुडघे गेले, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, असं तिने सांगितलं. मी विचारलं, उभ्याने धुता येईल असा ओटा बांधला तर? ती म्हणाली, बांधा, मग बघतो.

मी गवंडी बोलावून ओटा बांधला. त्यावर तीन मोठे टब, गरम पाण्याचा नळ, खरकट्यासाठी वेगळं पिंप. गौराक्काला बघायला बोलावलं. ती ओट्यापाशी उभी राहिली तर ओटा तिच्या छातीला लागला. गवंड्याने माझ्या उंचीने माप घेतलं होतं. ती म्हणाली, "ताटं तुम्ही धुणार आहात काय?" दुसऱ्या दिवशी तो फोडून तिच्या मापाने बांधला. पुढच्या महिन्यात ती आली.

यानंतरची एकच गोष्ट सविस्तर सांगतो, कारण त्या दिवशी आमचं सगळं बुडायची वेळ आली होती.

कोरमंगलाला एका नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. अमेय आणि सई नावाचं पुण्याकडचं जोडपं, जेवण इमारतीच्या गच्चीवर, माणसं दीडशे. दोघांनी सगळ्या मित्रमंडळींना, ऑफिसात, सगळीकडे सांगून ठेवलं होतं की आमच्या कार्यातून टाकायचं म्हणून काही निघणार नाही. अमेयचे वडील, कुलकर्णी काका, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना हे सगळं फॅड वाटत होतं, पण मुलाच्या घरी बोलत नव्हते. आम्ही एकशेवीस ताटं नेली होती. पहिल्या पंगतीची धुऊन उरलेल्यांना पुरवायची असा हिशेब.

उन्हाळा होता. बेंगळुरात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. बाराच्या सुमारास इमारतीचा सेक्रेटरी वर आला आणि म्हणाला, टँकर आलेला नाही, चार वाजेपर्यंत पाणी बंद. आणि खालून आणखी माणसं वर येतच होती. दीडशेची दोनशे झाली होती.

गच्चीवर आमच्याकडे दोनच पिंपं पाणी होतं. तेही गौराक्काने सकाळी नऊला पोचल्या पोचल्या भरून घेतलं होतं म्हणून. एवढ्या पाण्यात दोनशे जणांची ताटं धुतली जात नाहीत, हे मला या धंद्यातल्या सगळ्या वर्षांनी शिकवलं होतं. शिवाय लोटे, वाट्या. मी डोक्याला हात लावून बसलो.

कुलकर्णी काका माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अहो, मला हे होणार हे माहीतच होतं. माझ्या गाडीच्या डिकीत दोनशे प्लेट्स आणि कागदी पेले आहेत. मुलांना दुखवायचं नाही मला. पण पाहुणे उपाशी राहण्यापेक्षा त्या काढू."

त्यांचं चूक नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या मनात तेच चाललं होतं, त्यांनी बोलून मला सोडवलं. मी गौराक्काकडे जाऊन सांगितलं, की अक्का, आज जमणार नाही, काकांकडे प्लेट्स आहेत. तिने पिंपांकडे बघितलं, पंगतीकडे बघितलं.

"खरकटं माझ्यापातुर येऊ दिऊ नका," ती म्हणाली. "ताट कोरडं आलं तर पाणी पुरतंय. भाताचं शीत जरी आलं तर न्हाई पुरत."

मी काकांना ते सांगितलं. मग त्यांनी सोवळ्यावरच्या उपरण्याची गाठ मारली आणि पंगतीच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. मुख्याध्यापकाचा आवाज काय असतो ते त्या गच्चीवरच्या तरुण मंडळींना त्या दिवशी कळलं. ताटात काहीही टाकायचं नाही, नको असेल ते आधीच नको म्हणायचं, आणि उठताना प्रत्येकाने आपलं ताट पोळीच्या तुकड्याने पुसून आणायचं. एका जाड्या मुलाने ताटात अर्धा लाडू ठेवला होता. काका त्याच्याजवळ जाऊन नुसते उभे राहिले. त्याने लाडू संपवला.

मी खरकट्याच्या बादलीपाशी उभा राहून येणारं प्रत्येक ताट बघत होतो. पलीकडे गौराक्का आणि तिच्या दोघी. शिकेकाईच्या जागी आता भाताचा कोंडा होता; आधी त्याने कोरडंच घासायचं, कोंडा झटकायचा. मग पहिल्या टबात एक बुडी, दुसऱ्यात एक, आणि शेवटच्या टबातलं पाणी स्वयंपाक्याच्या चुलीवर गरम केलेलं. पहिल्या टबातलं पाणी गढूळ झालं की ते कुंड्यांना, दुसऱ्याचं पहिल्यात, तिसऱ्याचं दुसऱ्यात. तिच्या हाताखालून ताट निघायला किती वेळ लागतो ते मी इतकी वर्षं पाहत होतो आणि पाहिलंच नव्हतं. सईची आई पदर खोचून पुसायला बसली, मग तिच्या दोन बहिणी. अमेयचे मित्र ताटं पोचवायला लागले. त्यातल्या एकाने मला विचारलं, की अंकल, हे रोज एवढं मॅन्युअल असतं का? मी म्हटलं, रोज एवढी माणसं नसतात.

तिसरी पंगत उठली तेव्हा दुसऱ्या पिंपाच्या तळाला चारपाच तांबे पाणी होतं. ताटं पुरली. लोटे पुरले नाहीत. शेवटच्या चाळीसेक जणांना मठ्ठा कागदी पेल्यांतून दिला, तेही काकांच्या डिकीतले. अमेय जरा खट्टू झाला. खरकट्याची मात्र एकच बादली भरली होती, तीसुद्धा बरीचशी केळीच्या सालींनी आणि शेवग्याच्या चोथ्याने.

सगळं आवरल्यावर काका स्वतः एक ताट वाढून घेऊन गौराक्काकडे गेले. ती कठड्याला टेकून उभी होती. ते म्हणाले, तुम्ही बसा, मी वाढतो. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीवर बसली आणि जेवली. काका पोळी वाढायला दोनदा आले. जेवून झाल्यावर तिने पोळीच्या शेवटच्या तुकड्याने ताट पुसलं, आणि काका हसले.

लोक मला विचारतात की स्टीलला पाणी लागतं त्याचं काय. लागतं. माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. कोंडा आहे, तीन टब आहेत, गौराक्काचा क्रम आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला तो क्रम तिनेच शिकवला. तेलाला आधी पाणी लावणारी बाई आजही आमच्याकडे टिकत नाही.

आता दुकान माझी सून चालवते. तिला मोबाइलवर ऑर्डरी येतात, जयनगरला एक लहान शाखाही काढायचं चाललंय. मी दुपारी जाऊन बसतो. गौराक्कानेही दोन वर्षांपूर्वी काम सोडलं. उभ्याने धुवूनसुद्धा गुडघे शेवटी गेलेच. उकिडवं बसायची ती सगळी वर्षं आमच्याच फरशीवर गेली होती.

गेल्या महिन्यात ती दुकानात आली ती गिऱ्हाईक म्हणून. नातीचा साखरपुडा ठरला होता, घराजवळच्या हॉलमध्ये, ऐंशी ताटं हवी होती. मी म्हणालो, पाठवून देतो. ती म्हणाली, बघून नेतो. सुनेने तिला खुर्ची दिली, चहा मागवला. ऐंशी ताटं तिच्यासमोर आणून मांडली. तिने एकेक उचलून कडेवरून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरलं, आणि अकरा बाजूला काढली.

धुणाऱ्या बायका एका लग्नाला गेल्या होत्या. संध्याकाळी परत आल्या की धुऊन पाठवतो, असं सून सांगायला लागली. मी तिला थांबवलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि ओट्यापाशी गेलो. ओटा गौराक्काच्या मापाचा, त्यामुळे मला वाकावं लागलं. इतकी वर्षं या धंद्यात काढली. ताटं मोजली, लादली, उतरवली. पण धुतली नव्हती. पहिल्या ताटाला मी पाणीच आधी लावलं. मागून खुर्चीतून आवाज आला, "अण्णा." मी ते खाली ठेवलं आणि कोंडा घेतला.

अकरा ताटं धुवायला मला अर्धा तास लागला. पाठ भरून आली, शर्ट पोटापर्यंत भिजला. सून दारात उभी राहून बघत होती. मी ताटं पुसून गौराक्कासमोर ठेवली. तिने घाई केली नाही. चहाचा कप खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि एकेक ताट उजेडाकडे धरून पाहिलं. नऊ ताटं पोत्यात गेली. दोन तिने माझ्या हातात परत दिली.

मी पुन्हा ओट्यापाशी गेलो, आणि आधी कोंडा घेतला.